डिजिटल प्रमाणपत्र : बसवावे स्वहस्ते, ठेवावे स्वतःपाशी

जुने खरेदीखत किंवा कर्जरोखा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्याच्या शेवटच्या ओळी ठाऊक असतील. ज्यास लिहिता येत होते तो आपल्या सहीपाशी 'दस्तुरखुद्द' असे लिही. म्हणजे हे अक्षर माझ्या स्वतःच्या हातचे आहे. ज्यास लिहिता येत नव्हते त्याची 'निशाणी डावा अंगठा' होई, आणि मजकूर ज्याने लिहिला त्याचे नाव शेजारी येई. दोन्ही रीतींत एक गोष्ट समान होती. कागदावर हात कोणाचा पडला, हे कागदच सांगत असे.

आता गावच्या कारभारातील पुष्कळसे कागद संगणकावर तयार होतात आणि त्यांवर सहीही संगणकावरच होते. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांस गावकरी अजूनही ग्रामसेवक म्हणतात), ग्राम महसूल अधिकारी म्हणजे पूर्वीचे तलाठी, तसेच शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक, या सर्वांना कामासाठी स्वतःचे डिजिटल प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या एका लहान टोकनात असते. परंतु पुष्कळ ठिकाणी असे आढळते की, हे टोकन ज्याचे आहे त्याने ते कधी स्वतः संगणकास लावलेलेही नसते. ते संगणक चालविणाऱ्याच्या खणात पडलेले असते आणि त्याचा पिन चिठ्ठीवर लिहून त्यालाच चिकटविलेला असतो. अशा टोकनाने उमटलेल्या सहीस दस्तुरखुद्द म्हणता येईल काय? कायदा तर ती सही टोकनाच्या धन्याचीच समजतो. म्हणून हे प्रमाणपत्र संगणकावर कसे बसवावे आणि कसे सांभाळावे, हे प्रत्येक धन्याने स्वतः शिकून घेतले पाहिजे. हे काम अवघड नाही.

प्रमाणपत्र म्हणजे काय?

शेतकरी बांधवांना प्रमाणपत्राची कल्पना नवी नाही. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीस निळी खूणचिठ्ठी शिवलेली असते. नुसते दाणे पाहून त्यांची जात व शुद्धता ओळखता येत नाही. म्हणून बीज प्रमाणीकरण यंत्रणा तपासणी करून त्या चिठ्ठीने ग्वाही देते. महाराष्ट्रात हे काम अकोला येथील राज्य यंत्रणा करते. प्रमाणित बियाणे पांढऱ्या चिठ्ठीच्या पायाभूत बियाण्यापासून होते, आणि पायाभूत बियाणे पिवळ्या चिठ्ठीच्या पैदासकार बियाण्यापासून. मूळ शुद्ध असेल आणि मधली प्रत्येक पायरी तपासलेली असेल, तरच निळ्या चिठ्ठीवर भरवसा ठेवता येतो. शिवाय त्या चिठ्ठीवर मुदतही लिहिलेली असते.

डिजिटल प्रमाणपत्राची रचना अशीच आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्याअन्वये केंद्र शासनाने प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक नेमले आहेत. नियंत्रकांचे प्रमाणपत्र हे मूळ प्रमाणपत्र होय. नियंत्रक परवाना देतात त्या प्रमाणन संस्थांची प्रमाणपत्रे ही दुसरी पायरी, आणि ती संस्था आपली ओळख तपासून आपणांस देते ते प्रमाणपत्र ही शेवटची पायरी. त्यावर धन्याचे नाव, देणाऱ्या संस्थेचे नाव, अनुक्रमांक आणि मुदत असते. ही मुदत एक ते तीन वर्षांची असते. पूर्वी व्यक्तींना दुसऱ्या वर्गाची प्रमाणपत्रेही मिळत. १ जानेवारी २०२१ पासून ती देणे बंद झाले असून आता तिसऱ्या वर्गाचेच प्रमाणपत्र घ्यावयाचे असते.

सही कशी उमटते?

प्रत्येक धन्यासाठी दोन किल्ल्यांची एक जोडी तयार होते. या किल्ल्या म्हणजे फार मोठे अंक होत. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी २०४८ बिटांची किल्ली नेहमीच्या आकड्यांत लिहावयाची म्हटल्यास तिच्या मूळ अंकास सहाशेहून अधिक आकडे लागतील. रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तीन शास्त्रज्ञांनी १९७७ साली शोधलेल्या रीतीवर ती आधारलेली आहे. जोडीतील एक किल्ली सार्वजनिक असते. ती प्रमाणपत्रातच छापलेली असते व कोणीही पाहावी. दुसरी खाजगी असते. ती टोकनातच जन्मते आणि टोकनाबाहेर कधीही येत नाही.

आपण एखाद्या देयकावर सही करतो, तेव्हा संगणक त्या मजकुराचा एक ठराविक लांबीचा गोषवारा काढतो. मजकुरात एक आकडा जरी बदलला, ०.४० हेक्टरचे ०.९० हेक्टर जरी झाले, तरी हा गोषवारा पार निराळा येतो. टोकन आपल्या खाजगी किल्लीने त्या गोषवाऱ्यावर प्रक्रिया करते व जे उत्पन्न होते ती आपली सही. पुढे कोणीही सार्वजनिक किल्लीने पडताळा घेऊन दोन गोष्टी पाहू शकतो : सही याच टोकनाची आहे काय, आणि सहीनंतर मजकूर बदलला आहे काय. मात्र पिन कोणाच्या बोटांनी दाबला, हे त्यास दिसत नाही. ती जबाबदारी धन्याची आहे.

प्रमाणपत्र घेताना

परवानाधारक प्रमाणन संस्थांची यादी नियंत्रकांच्या कचेरीने प्रसिद्ध केलेली आहे. तीतील संस्थेकडूनच प्रमाणपत्र घ्यावे. अर्ज करताना ओळख व पत्ता यांची तपासणी होते आणि अर्जदाराचे चलच्चित्र घेतले जाते. या वेळी मोबाइलचा क्रमांक व ई-मेलचा पत्ता स्वतःचाच द्यावा. मध्यस्थ विक्रेत्याचा किंवा संगणक चालकाचा क्रमांक घातल्यास पुढील सर्व सूचना व सांकेतिक आकडे त्याच्याकडेच जातील, आणि प्रमाणपत्र रद्द करण्याची वेळ आली तर आपणांस दुसऱ्याच्या दारी जावे लागेल.

टोकनात प्रमाणपत्र उतरविण्याचे काम आपल्या समक्ष व्हावे. तयार केलेले टोकन पिनसह पाकिटातून आले असेल, तर तो पिन आणखी कोणास तरी ठाऊक आहे असे समजून तो त्याच दिवशी बदलावा.

संगणकावर बसविण्याची रीत

येथे विंडोज प्रणालीच्या संगणकाची रीत दिली आहे, कारण कचेऱ्यांतून बहुधा तीच असते.

पहिली पायरी : तारीख पाहणे. संगणकाच्या कोपऱ्यातील तारीख व वेळ बरोबर आहे याची खात्री करावी. जुन्या संगणकातील लहान बॅटरी संपली म्हणजे वीज जाताच तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग चांगले प्रमाणपत्रही मुदतीबाहेरचे दिसू लागते, आणि पुष्कळांचा निम्मा दिवस टोकनास दोष देण्यात जातो.

दुसरी पायरी : ड्रायव्हर बसविणे. टोकनाची भाषा संगणकास कळावी म्हणून ड्रायव्हर नावाचा लहान कार्यक्रम लागतो. काही टोकने लावताच तो त्यांच्याच आत दिसतो. न दिसल्यास टोकनाच्या उत्पादकाच्या किंवा प्रमाणन संस्थेच्या संकेतस्थळावरून घ्यावा. अन्य ठिकाणाहून घेऊ नये. टोकनावर त्याची जात छापलेली असते, त्याच जातीचा ड्रायव्हर बसवावा. काम पूर्ण झाल्यावर संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा.

तिसरी पायरी : पिन बदलणे. ड्रायव्हरबरोबर टोकनाचा व्यवस्थापक कार्यक्रमही येतो. तो उघडून 'चेंज पिन' या ठिकाणी जुना पिन एकदा व नवा पिन दोनदा लिहावा. जन्मसाल, मोबाइलचे आकडे किंवा सरळ ओळीतील आकडे पिन म्हणून घेऊ नयेत. याच कार्यक्रमात 'इनिशियलाइझ' किंवा 'फॉरमॅट' असे बटण असते. त्यास हात लावू नये. ते दाबल्यास टोकन कोरे होते, खाजगी किल्ली कायमची नष्ट होते आणि नवे प्रमाणपत्र विकत घ्यावे लागते.

चौथी पायरी : साखळी पूर्ण करणे. नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र व आपल्या संस्थेचे मधले प्रमाणपत्र संगणकास ठाऊक असावे लागते. पुष्कळदा ड्रायव्हर ती आपोआप बसवितो. तसे न झाल्यास मूळ प्रमाणपत्र नियंत्रकांच्या व मधले प्रमाणन संस्थेच्या संकेतस्थळावरून घेऊन बसवावे. कोणी ई-मेलने किंवा व्हॉट्सॲपवर धाडलेले मूळ प्रमाणपत्र कदापि बसवू नये. पैदासकार बियाणेच भेसळीचे निघाले तर पुढची सारी पिढी बिघडते. तसेच खोटे मूळ प्रमाणपत्र एकदा स्वीकारले, की त्याखालील प्रत्येक खोटी सही संगणक खरी मानू लागतो.

पाचवी पायरी : तपासणी. स्टार्टच्या शोधचौकटीत 'इंटरनेट ऑप्शन्स' शोधून उघडावे. तेथे 'कन्टेन्ट' व त्यात 'सर्टिफिकेट्स' दाबले की 'पर्सनल' या सदराखाली आपले नाव दिसले पाहिजे. त्यावर दोनदा टिचकी मारून चार गोष्टी वाचाव्यात : नाव बरोबर आहे काय, देणारी संस्था कोण, मुदत केव्हापासून केव्हापर्यंत, आणि खाली किल्लीचे चित्र आहे काय. हे चित्र म्हणजे या प्रमाणपत्राची खाजगी किल्ली उपलब्ध असल्याची खूण. 'सर्टिफिकेशन पाथ' या सदरात नियंत्रकांपासून आपल्यापर्यंतची साखळी अखंड दिसली पाहिजे. मुदत संपण्याची तारीख कचेरीच्या दिनदर्शिकेवर त्याच क्षणी लिहून ठेवावी.

सहावी पायरी : नोंदणी व चाचणी. ज्या संकेतस्थळावर काम करावयाचे, ते बहुधा स्वतःचा एक सही-सहायक कार्यक्रम बसवावयास सांगते. तो बसवून चालू ठेवावा. नंतर आपल्या खात्यातून प्रमाणपत्राची नोंदणी करावी. काही ठिकाणी वरिष्ठांची मान्यता मिळाल्यावरच ती पूर्ण होते. खऱ्या देयकास हात घालण्यापूर्वी एखाद्या कोऱ्या पी.डी.एफ. कागदावर सही करून पाहावी.

काही वेळा प्रमाणपत्र टोकनात न येता पी.एफ.एक्स. प्रकारच्या फाइलमध्ये येते. ती उघडली असता आयात करण्याचा कार्यक्रम सुरू होतो व फाइलचा संकेतशब्द मागतो. त्या वेळी किल्ली पुन्हा बाहेर काढू देण्याच्या चौकटीत खूण करू नये. काम झाल्यावर मूळ फाइल संगणकावरून काढून कुलूपबंद जागी ठेवावी, कारण त्या फाइलमध्ये खाजगी किल्ली असते आणि तिची नक्कल कोणीही करू शकतो. टोकनाची अशी नक्कल होत नाही, हाच टोकनाचा मोठा गुण.

नेहमीच्या अडचणी

टोकन लावूनही नाव दिसत नसेल, तर प्रथम दुसऱ्या खाचेत लावून पाहावे व सही-सहायक कार्यक्रम चालू आहे का ते पाहावे. एकाच वेळी दोन टोकने लावू नयेत. सरपंचांच्या देयकास ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचे टोकन निवडले जाऊन काम अडते. पिन चुकल्यास अंदाजाने पुन्हा पुन्हा लिहू नये. ठराविक चुकांनंतर टोकन स्वतःस कुलूप लावून घेते. पिन आठवत नसेल तर थांबावे आणि प्रमाणन संस्थेस विचारावे.

मुदत संपलेले प्रमाणपत्र नव्या सहीसाठी निरुपयोगी होते; मुदतीत केलेल्या जुन्या सह्या मात्र त्यामुळे खोट्या ठरत नाहीत. नवे प्रमाणपत्र घेतले की प्रत्येक संकेतस्थळावर त्याची नोंदणी पुन्हा करावी लागते. यास्तव मुदतीपूर्वी निदान एक महिना कामास लागावे. समजा, शेतकरी उत्पादक कंपनीचे वार्षिक हिशेब तयार आहेत, सभा झाली आहे, आणि नमुना दाखल करावयाच्या दिवशी संचालकांचे प्रमाणपत्र संपलेले निघाले. मुदत टळल्यावर अशा नमुन्यास दररोज १०० रुपये जादा शुल्क बसते. हे पैसे सभासदांच्या सोयाबीन-कांद्यातूनच जातात.

टोकन दुसऱ्याच्या हाती

आता मुख्य गोष्ट. वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीने रक्कम द्यावयाची, तेव्हा ई-ग्रामस्वराज प्रणालीत दोन निरनिराळ्या व्यक्तींच्या डिजिटल सह्या लागतात. एकाने देयक तयार करावे आणि दुसऱ्याने ते स्वतंत्रपणे तपासून मान्य करावे, हा त्यातील हेतू. तिजोरीस दोन कुलपे लावून दोन किल्ल्या दोघांकडे देण्याची रीत जुनीच आहे.

समजा, मार्चअखेरीचा दिवस आहे. सरपंच लग्नास परगावी गेल्या आहेत आणि ग्रामपंचायत अधिकारी तालुक्यास बैठकीस. दोघांचीही टोकने संगणक चालकाच्या खणात आहेत व पिन त्यास पाठ आहेत. तो मनुष्य कितीही प्रामाणिक असला, तरी त्या दिवशी तिजोरीची दोन्ही कुलपे एकाच हाती आहेत. पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीची रक्कम चुकीच्या खात्यात गेली, तर चौकशीत नाव त्याचे निघणार नाही. दोन सह्या निघतील, आणि त्या तिघांपैकी ज्या दोघांनी तो कागद पाहिलाही नाही त्यांच्या असतील. 'मी सही केली नाही' हे त्यांचे म्हणणे खरे असूनही त्यांना ते सिद्ध करावे लागेल.

कायद्याच्या कलम ४२ ने प्रत्येक धन्यावर खाजगी किल्ली सांभाळण्याची वाजवी काळजी घेण्याचे बंधन घातले आहे. किल्ली धोक्यात आल्यास त्याने प्रमाणन संस्थेस विनाविलंब कळविले पाहिजे. तसे कळवीपर्यंतची जबाबदारी त्याचीच राहते. आणि दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा संकेतशब्द लबाडीने वापरणाऱ्यास कलम ६६-क अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

महिला सरपंचांविषयी येथे विशेष सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात पंचायतींतील निम्मी पदे स्त्रियांसाठी राखीव आहेत. परंतु निवडून आलेल्या भगिनीचे टोकन तिच्या यजमानांच्या किंवा दिरांच्या खिशात राहिले, तर अधिकार कागदावर तिचा आणि सही दुसऱ्याची, अशी स्थिती होते. दोषाची पाळी आली म्हणजे मात्र उत्तर तिलाच द्यावे लागते. पिन लिहिण्यास फारसे शिक्षण लागत नाही. ज्यास मोबाइलवर आकडे दाबता येतात त्यास हे येते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी अशा सरपंचताईंना देयक मोठ्याने वाचून दाखवावे, रक्कम कोणास व कशासाठी जाते हे समजावून द्यावे आणि पिन त्यांच्याच हाताने घालू द्यावा. त्या वेळी आपण पडद्याकडून नजर वळवावी. एका तासाचे हे शिक्षण पाच वर्षे पुरते.

टोकन हरवल्यास त्याच दिवशी प्रमाणन संस्थेस कळवून प्रमाणपत्र रद्द करवून घ्यावे, वरिष्ठांस लेखी कळवावे आणि संबंधित संकेतस्थळावरील नोंदणी बंद करवावी. रद्द केलेल्या प्रमाणपत्राचा अनुक्रमांक संस्थेच्या जाहीर यादीत येतो व त्यानंतरची सही पडताळणीत टिकत नाही. पद सोडताना किंवा बदली होताना टोकन उत्तराधिकाऱ्यास देऊ नये. ते पदाचे नसून व्यक्तीचे असते.

शेतकऱ्याने काय पाहावे?

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. असा उतारा संगणकावर उघडला असता सहीच्या जागी कधी प्रश्नचिन्ह दिसते. त्याचा अर्थ उतारा खोटा आहे असा नव्हे. त्या संगणकास मूळ प्रमाणपत्राची ओळख नाही एवढाच. सहीनंतर मजकूर बदलला असल्याची सूचना दिसली, तर मात्र तो कागद स्वीकारू नये. कागदावर छापून काढलेल्या प्रतीत सहीची पडताळणी करता येत नाही. तिच्यासाठी उताऱ्यावरील पडताळणी क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर घालून पाहावा. ज्या शेतकऱ्यास हे ठाऊक आहे, त्यास बनावट उतारा दाखवून जमिनीच्या सौद्यात फसविणे कठीण जाईल.

शेवटी, संगणक चालकांस कमी लेखण्याचा या लेखाचा हेतू नाही. मजकूर भरणे, ड्रायव्हर बसविणे, यंत्राची निगा राखणे यांत त्यांची मदत अवश्य घ्यावी. नांगर धरण्यास गडी ठेवता येतो. पण सातबाऱ्यावर नाव धन्याचे असते, आणि शेत कोणास द्यावयाचे याचा निर्णय त्याने गड्यावर सोपवावयाचा नसतो. येत्या सोमवारी कचेरीत गेल्यावर खणातले टोकन काढून घ्यावे, त्यावरची चिठ्ठी फाडावी, पिन बदलावा आणि पहिली सही स्वतः करावी. मग त्या सहीस दस्तुरखुद्द म्हणण्यास काही हरकत राहणार नाही.